सात दिवसांचा प्लॅन

पवईच्या हॉस्टेलवर मेसचा कुठला प्लॅन घ्यावा, हे नव्या मुलींना समोरच्या खोलीतली ताईच समजवायची. "शनिवार-रविवार घरी जाणार ना? मग पाच दिवसांचाच घे गं. उगाच पैशांची वाट लागते."

तिचं घर घाटकोपरला, सगळ्यांत जवळ. तरी तिचा प्लॅन सातही दिवसांचा.

एका रविवारी मी हॉस्टेलवरच राहिले, तेव्हा विचारलंच. भात सावकाश कालवत ती म्हणाली, "आई होती तेव्हा मीपण पाच दिवसांचाच घ्यायचे."

"पुढच्या रविवारी कांदिवलीला आमच्याकडे जेवायला ये," मी म्हटलं.

"येईन ना," ती हसली.

त्या रविवारी माझ्या आईने सुरमईची मोठी तुकडी तिच्यासाठी बाजूला ठेवली. तीन वाजून गेले, ती आली नाही.

"तिला मासे आवडत नाहीत का?" आईने विचारलं.