दुसरी टाकी
आमची बोट सध्या खराडीत आहे, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघतात. खराडीला समुद्र नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. पावसाळ्याआधी शिडाची बोट ट्रेलरवर चढवायची, घाट चढून पुण्यात आणायची आणि चार महिने तिची डागडुजी करायची, ही आमची दरवर्षीची रीत. आयटी पार्कच्या मागे एका शेतकरी कुटुंबाचा मोकळा प्लॉट अजून शिल्लक आहे, तिथे पत्र्याच्या शेडखाली ती उभी असते. जागामालक दरवर्षी तेच विचारतात, "ताई, ही पान्यात कवा जायाची हाय?"

या वर्षी ती पाण्यात जाणारच नव्हती. गेल्या हिवाळ्यात गोव्याहून परत येताना वारा पडला. इंजिनावर दिवसभर आलो आणि समोर किनारा दिसत असताना डिझेल संपलं. एका मच्छीमार बोटीने दोर टाकून आम्हाला बंदरात ओढत नेलं. माणसं भली होती, त्यांनी चहासुद्धा दिला. ह्यांनी तो घेतला नाही. घरी आल्यावर दोन दिवसांनी जाहीर केलं, "विकून टाकू. झालं आपलं वय."

माझं वय झालं का, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मला भयंकर राग आला. डिझेल संपलं म्हणून समुद्र सोडायचा, हे काही मला पटेना. आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटली. बोट गेली तर हा माणूस टीव्हीसमोर बसून राहील, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"दुसरी टाकी बसवू," मी म्हटलं.

"जागा कुठाय?"

"काढते जागा."

"बोट कापावी लागली तर त्याच दिवशी विक्रीची जाहिरात देईन."

"द्या," मी म्हटलं.

त्यानंतर ह्यांनी बोटीला हात लावला नाही. माझ्याबरोबर प्लॉटवर यायचे, पण खाली खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. मी बोटीत वाकून मापं घेत होते. मागच्या बाकाखाली, इंजिनाच्या शेजारी, एक वेडावाकडा कप्पा रिकामा होता. शेजाऱ्यांच्या नव्या फ्रिजचं खोकं मागून आणलं आणि त्या पुठ्ठ्याची हुबेहूब टाकी केली. ती केबिनच्या दारातून आडवी करून आत नेली, कप्प्यात ठेवली. जेमतेम, पण बसली.

तो पुठ्ठा घेऊन मी मार्केट यार्डाजवळच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले. तो हॉटेलांसाठी पाण्याच्या टाक्या करतो. "अगदी अशीच हवी," मी बजावलं. "मॅडम, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला.

टाकी सुरेख झाली. स्टेनलेस स्टीलची, वेल्डिंग गुळगुळीत. आणि दोन्ही बाजूंना, न सांगता, दोन जाडजूड कान. त्याच्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक टाकीला कान असतात. गिऱ्हाइकाने ती उचलायची कशी, या काळजीपोटी. टेम्पोत चढवताना मी त्या कानांचं कौतुकही केलं.

मग ती केबिनच्या दारात अडकली. उभी केली, आडवी केली, तिरकी केली. कान काही आत जाईनात.

"ताई, दारच कापा की. लाकूडच तर हाय," खालून जागामालक म्हणाले.

ह्यांनी पेपरची घडी घातली. मला ती घडी वर बोटीत ऐकू आली.

मी फॅब्रिकेशनवाल्याला फोन लावला आणि ग्राइंडर घेऊन यायला सांगितलं. "मॅडम, कान कापले तर शोभा जाईल," तो कळवळून म्हणाला. "समुद्रात मासे नावं ठेवणार नाहीत. या तुम्ही," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो आला, तोंड पाडून त्याने कान उडवले. टाकीत हवा भरून आम्ही सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवलं. एका कानाच्या मुळाशी बुडबुडा आला. तिथे पुन्हा वेल्डिंग, पुन्हा साबण. मग बुडबुडा आला नाही. टाकी दारातून आत गेली, आणि दाराचा टवकाही उडाला नाही.

पुढचं काम माझं. कप्प्यात गुडघे मुडपून शिरले, टाकीखाली रबर घातलं, पट्टे आवळले. हव्या त्या टाकीतून इंजिनाला डिझेल घेता यावं म्हणून मधे कॉक बसवला. पाठ बोंबलत होती. मान वर केली तर केबिनच्या दारात हे उभे, चष्मा कपाळावर.

"इंजिनातून जास्तीचं डिझेल परत येतं, ते कुठे सोडलंस?"

"पहिल्या टाकीत."

"आणि घेणार दुसरीतून? मग पहिली भरून वाहील. भर समुद्रात सगळं डिझेल बाकाखाली."

मला ते ठाऊक होतं. परतीच्या नळीसाठी दुसरा कॉक आणलेला होता, माझ्या पिशवीतच होता. आता तोच बसवायला घेणार होते.

"खरंच की हो," मी म्हटलं. "मग काय करायचं?"

ह्यांनी चपला काढल्या, शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "सरक तिकडे," म्हणाले आणि आत शिरले. त्या कप्प्यात दोघांना जागा नव्हतीच. तरी मी बाहेर आले नाही.