नाव नसलेली वंशावळ

ज्या घराबद्दल लिहितेय त्याचं गाव मी सांगणार नाही. तालुकासुद्धा नाही, आणि घरातली नातीगोतीही थोडी बदलून लिहितेय. आमच्या जिल्ह्यात राधानगरीकडचं म्हटलं किंवा हातकणंगल्याकडचं म्हटलं, तरी लोक तेवढ्यावरून थेट चुलीपर्यंत पोचतात. हे मला फार उशिरा कळलं, आणि दुसऱ्याच्या पोरीचं वाटोळं करून कळलं.

कोल्हापुरात एका संशोधन प्रकल्पात मी सात वर्षं होते. मुलांच्या स्नायूंतलं बळ हळूहळू संपवणारा एक आजार आहे. चार-पाच वर्षांचं पोर पळता पळता पडायला लागतं, बाराव्या वर्षाच्या आसपास खुर्चीत बसतं आणि विशीत जातं. हा आजार बहुतेक वेळा आईकडून येतो आणि होतो मुलग्यांना. मुली धडधाकट असतात, पण काहींच्या रक्तात तो असतो आणि पुढं त्यांच्या मुलांना होऊ शकतो. घरी जायचं, सगळं समजावून सांगायचं, सही घ्यायची, सोबतच्या नर्सनं रक्त घेतलं की त्या घराची वंशावळ काढायची, हे माझं काम. मुलगा म्हणजे चौकोन, मुलगी म्हणजे गोल. आजारी असेल तर चौकोन काळा, गेला असेल तर त्यावर तिरकी रेघ. ज्या मुलीच्या रक्तात आजार आहे, तिच्या गोलात एक ठिपका.

नाव कुठंच नाही, फक्त नंबर. नावांची वही प्रकल्पाचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांच्या कपाटात, कुलपात. बाहेरच्या कुणाला आमची माहिती हवी असेल तर त्यानं अर्ज करायचा. मग समिती बसायची. कशाला हवी, कोण बघणार, एवढी सगळी हवीच का, असं खोदून खोदून विचारायची आणि पटलं तर लागेल तेवढीच द्यायची. मला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा. नावं काढल्यावर आणखी झाकायचं ते काय, असं मी चहाच्या टपरीवर तावातावानं बोलायचे.

त्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा थोरला मुलगा जाऊन वर्ष झालं होतं. त्याच्या पाठीवर जुळ्या मुली, दिसायला मात्र वेगवेगळ्या, आणि त्यांच्यानंतरचा धाकटा पंधरा वर्षांचा, खुर्चीत. त्यांच्या आईला मामाच्याच घरात दिलेलं, म्हणजे नवरा सख्खा मामा. धाकटा मोठा बोलका. नर्सनं सुई टोचली तेव्हा मला म्हणाला, "ताई, हे रक्त लांब लांब जातंय म्हणं? मग मी बी फिरून आलो म्हणायचं की." आम्ही सगळे हसलो. त्याची आई तेवढी हसली नाही, ती त्याच्या दंडाकडं बघत होती.

तीन वर्षांनी तोही गेला. त्याच्या रक्तात सापडलेला बदल आमच्याकडच्या दुसऱ्या कुठल्याच घरात नव्हता, म्हणून सर त्या रक्ताची कुपी जिवापाड जपायचे. पुढं दोघी बहिणींनी आपण होऊन तपासणी करून घेतली. जुळ्यांतल्या धाकटीचं निर्मळ निघालं. थोरलीच्या गोलात मला ठिपका काढावा लागला. तिचं लग्न ठरत आलं होतं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, त्यास्नी मी सोता सांगणार हाय. जरा धीर गोळा करू द्या." मी तिला शब्द दिला की आमच्याकडून काहीही बाहेर जाणार नाही.

आणि मीच ते बाहेर घालवलं. ओळखीच्या एका प्राध्यापक बाईंचा फोन आला. नर्सिंगच्या मुलींना शिकवायला एखादी वंशावळ हवी होती, लगेच. समितीची बैठक महिन्यावर होती. मी मोबाइलवरून त्या घराची पाठवून दिली. नाव नव्हतं, वय नव्हतं, गाव नव्हतं. खरं सांगायचं तर ती माझ्या हातची सगळ्यात सुबक वंशावळ होती आणि मला ती मिरवायची होती.

त्या वर्गात तिच्या होणाऱ्या नवऱ्याची मावसबहीण बसली होती. मामा-भाचीच्या लग्नाची दुहेरी रेघ, खाली काळा चौकोन, जुळे गोल, पुन्हा काळा चौकोन, दोन्ही चौकोनांवर तिरक्या रेघा. तिला नावाची गरजच पडली नाही. जुळ्यांत आधी जन्मलेली डावीकडं, हा नेमसुद्धा मी पाळला होता. ठिपका डावीकडं होता. संध्याकाळपर्यंत गोष्ट मुलाच्या घरी पोचली आणि चार दिवसांत लग्न मोडल्याचा निरोप आला. तिनं गोळा केलेला धीर तसाच राहिला.

पुढच्या आठवड्यात तिची आई एसटीनं कोल्हापूरला आली, एकटीच. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "ताई, तुमी नाव घातलं न्हाईसा, ठावं हाय मला. पर आमच्यावाणी घर दुसरं कुणाचं हाय?"

मी चूक कबूल केली, सरांपुढं आणि तिच्यापुढंही. तिला सगळं परत हवं होतं. प्रकल्पातून माघार घ्यायचा अर्ज असतो, त्यानं रक्त, वंशावळ सगळं नष्ट होतं; तो मी पुढं केला. मग ती हळूच म्हणाली, "पोरींचं काढा. पोरांचं ऱ्हाऊ दे. तेवढंच हाय त्येंचं."

मला सांगावं लागलं की मुलांचं ठेवलं तर त्यावरून पुन्हा बहिणींपर्यंत पोचता येतं. तिनं अर्ज जवळ ओढला. शेवटी तिनं सही केली. धाकट्याच्या रक्तातून पुढं ज्या पोरांना एखादा उपाय मिळाला असता, त्यांचंही मी त्या सहीत नुकसान केलं. हे मी कुणाला बोलले नाही, आज लिहितेय.

"धाकट्याचं एकदा बघू द्या की," ती म्हणाली.

सरांनी मान हलवली. मी डीप फ्रीझरमधून धाकट्याची कुपी आणली, करंगळीएवढी. तिच्यावर बर्फ धरला होता. तिनं पदराचं टोक घेऊन तो पुसला, पोराचं तोंड पुसावं तसा. खाली नंबर दिसला. तिनं कुपी उलटसुलट फिरवून बघितली.

"ह्याच्यावर त्येचं नाव न्हाई व्हय?"

"नाही, मावशी. आमच्यात नाव लिहीत नाहीत."

"आता तर टाकूनच देणार न्हवं? मग लिवा की एकदा."

सरांनी तोंड खिडकीकडं केलं. मी पेन घेतलं. सात वर्षं नावं काढायचं काम केलेल्या माझ्या हातानं ते लिहिलं. नाव लहानसंच होतं, कुपीवर पुरलं. तिनं ते बोटानं वाचलं, मग कुपी माझ्या हातात परत दिली आणि म्हणाली, "जावा घिऊन."

त्याचं नाव मला अजून पाठ आहे. इथंही मी ते लिहिणार नाही.