सिडनी कुठल्या सेक्टरात येतं?

जगातली सगळी शहरं नवी मुंबई बघून बांधलेली आहेत आणि त्यातलं एकही नीट जमलेलं नाही, अशी माझ्या मामाची ठाम समजूत आहे. नवी मुंबई वसण्याच्या आधी ही शहरं होती, हा मुद्दा त्याच्यापुढे टिकत नाही. "आधी असतील. पण तेव्हा त्यांना नकाशा कुठे होता?" असं तो विचारतो, आणि समोरचा माणूस नकाशाचा विचार करायला लागतो.

मामा तुर्भ्याच्या एका कारखान्यातून रिटायर झाला. तरुणपणी गिरगावातली चाळीतली खोली सोडून त्याने कोपरखैरण्यात घर घेतलं, तेव्हा नातेवाइकांनी त्याला जवळजवळ शेवटचाच निरोप दिला होता. "अरे, तिथे कोल्हे ओरडतात!" म्हणून माझी आई रडली होती. "ओरडू देत. चाळीच्या नळावर तुम्ही ओरडता त्यापेक्षा बरं," असं म्हणून मामा सामानाच्या टेम्पोत चढला. मामीही चढली, पण तोंड फिरवून. तिने ते तोंड पुढे कधी पूर्ण सरळ केलंच नाही. मामा रुंद रस्त्यांचं कौतुक करायला लागला की ती पदर खोचून स्वयंपाकघरात जायची, आणि कुणी विचारलं तर "आम्ही मूळचे गिरगावचे" एवढंच सांगायची. कोपरखैरणे हा शब्द मी तिच्या तोंडून फक्त रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाच ऐकला होता.

माझी लेक सिडनीला नोकरीला लागली आणि मी या दोघांना घेऊन तिच्याकडे गेले. विमानतळावरच सुरुवात झाली. पासपोर्ट तपासणाऱ्या गोऱ्या बाईने सहज विचारलं, "मुंबई?" "नवी मुंबई," मामा म्हणाला. बाईने मान हलवून पुन्हा "मुंबई" म्हटलं. मामाने काउंटरवर कोपर टेकलं आणि दोन्ही शहरांमधली खाडी हाताने काढून दाखवायला सुरुवात केली. मागे अख्खं विमान रांगेत उभं. मला वाटलं, आता आम्हाला इथूनच परत पाठवणार. पण ती बाई हसली, "न-वी मुंबई," असं नीट म्हणाली, आणि मगच मामाने पासपोर्ट उचलला.

लेक ऑफिसला जायची, मी या दोघांना घेऊन फिरायची. नवी मुंबईत पत्ता सेक्टरच्या नंबराने चालतो; त्या सवयीने बसमध्ये चढताना मामा ड्रायव्हरला "विच सेक्टर?" असं विचारायचा, आणि ड्रायव्हरला उत्तर आलं नाही की माझ्याकडे वळून हळहळायचा. जगप्रसिद्ध पुलासमोर तो बराच वेळ मागे हात बांधून उभा राहिला. "चांगलाय. पण वाशीच्या पुलावरून कशी मोकळी खाडी दिसते. इथे मधे सारख्या बिल्डिंगा येतात." शिडांसारख्या छपरांचं ते ऑपेरा हाऊस पाहायला लोक पृथ्वीच्या पाठीवर कुठून कुठून येतात. मामाने त्याला एक पूर्ण फेरी मारली आणि विचारलं, "याच्यातून ट्रेन जाते?" मी म्हटलं, नाही. "आपल्याकडे सीवूड्सला मॉलच्या खालून जाते," एवढंच बोलून तो पाणी प्यायला. धक्क्यावर एका सीगलने त्याच्या हातातला बटाट्याचा काप पळवला, तेव्हा तर त्याला मनापासून वाईट वाटलं. "आपल्या खाडीतले फ्लेमिंगो बघ. इतके येतात, पण कधी कुणाच्या ताटात चोच घातलीय?"

एका दुपारी आम्ही बोटीने बंदराच्या पलीकडे मॅन्लीच्या किनाऱ्यावर गेलो. जाताना मजेत गेलो. परतायच्या वेळी मात्र वारा सुटला, लाटा उसळायला लागल्या आणि बोटी बंद झाल्या. सगळी गर्दी बससाठी रस्त्यावर आली. मामीचा गुडघा दुखत होता, बसायला जागा नव्हती. मामाने आपली कानटोपी काढून तिला घातली, आणि रांग वाकडी होतेय असं दिसताच "लाईन, लाईन प्लीज!" करत चार अनोळखी माणसांना सरळही केलं.

आमचं मराठी ऐकून पुढचे एक गृहस्थ वळले. वयाने मामाएवढेच, तिकडेच स्थायिक झालेले.

"मराठी का? कुठले, मुंबईचे?"

"नवी मुंबई," मामा म्हणाला.

"अच्छा, म्हणजे मुंबईच्या बाहेर." ते हसले. "आम्ही प्रॉपर पार्ल्याचे. पूर्वी एकदा तुमच्याकडे आलो होतो. नुसता चिखल नि डास! माणसं तिथे कशी राहतात, असं वाटायचं हो."

मामाने तोंड उघडलं. मी डोळे मिटले. पण आवाज आला तो मामीचा.

"चिखल होता ना. गुडघाभर होता. मला कळा सुरू झाल्या तेव्हा एक रिक्षा मिळेना. शेजारची जालन्याची बाई धावत जाऊन भाजीचा टेम्पो घेऊन आली. कोबीच्या गोण्यांवर बसून मी वाशीला हॉस्पिटलात गेले. टेम्पो रुतला तेव्हा अख्खी बिल्डिंग ढकलायला उतरली. कुणाचं नावही मला धड माहीत नव्हतं तेव्हा." ती दम घ्यायला थांबली. "माणसं तिथे अशी राहतात. आम्ही कोपरखैरण्याचे."

गृहस्थ वरमले. "तसं नव्हतं म्हणायचं, वहिनी," असं काहीतरी पुटपुटले. बस आली तेव्हा त्यांनी बाजूला होऊन मामीला आधी चढू दिलं.

 मामीला खिडकीशी बसवून मामा तिच्या शेजारी बसला, मी त्यांच्या मागच्या सीटवर. बरंच अंतर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "हे तू मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? तुम्ही होतात की तिथे. चिखलात तुमची चप्पल गेली."

"तसं नाही गं..."

"मग कसं?" मामी म्हणाली. "तुम्ही एकटेच एवढं कौतुक करता, त्यात मला बोलायला जागा असते का?"

मामा हसला, पण ते हसू नीट पूर्ण झालं नाही. बस त्या मोठ्या पुलावर चढली. ऊन कलतं होतं, खाली सगळं बंदर सोनेरी झालं होतं, आणि बसमधले लोक फोन काढून एका बाजूला झुकले होते. मी मामाच्या खांद्याला हात लावून म्हटलं, "बघ ना, किती सुंदर दिसतंय."

"हो," मामा म्हणाला. मामीच्या कपाळावर घसरलेली टोपी तो दोन बोटांनी वर सरकवत होता. बस पूल उतरली, तरी त्याने बाहेर बघितलं नव्हतं.