इस्टे

हिंगोलीला कॉलेजात असताना रोज सकाळी कयाधूच्या काठच्या पायवाटेवर मला एक माणूस दिसायचा. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि हातात कुणा साहेबांच्या दोन कुत्र्यांच्या साखळ्या. बाभळीपाशी आला की तो खणखणीत ओरडायचा, "इस्टे!" कुत्री तिथल्या तिथं थांबायची.

मला त्याचा हेवा वाटायचा. खरं सांगायचं तर मी जळायचोच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. इंग्रजीच्या तासाला मी 'इस्टेशन' वाचलं आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून सरांनी वाचायला सांगितलं की मी मान खाली घालायचो. त्या माणसाचा उच्चारही माझ्यासारखाच होता, पण त्याचं ऐकलं जायचं.

एकदा धीर करून विचारलं, "मामा, मी थांबवून पाहू?"

त्याने हसत साखळ्या दिल्या. मी जपून, अगदी बरोबर म्हणालो, "स्टे." कुत्र्यांनी मला फरफटत पाण्यापर्यंत नेलं.

"काहून दबकत बोलून राहिले, कालेजवाले?" तो म्हणाला. "चुकलं तरी कुत्रं हसत न्हाई. मोकळा आवाज काढा."

"इस्टे!" मी ओरडलो. दोन्ही कुत्री थांबली.

त्याच दिवशी वर्गात वाचायला उठलो. 'इस्टेशन' तोंडात आलं तसंच वाचलं. पोरं हसली, पण मी धडा संपवूनच बसलो.

हेवा मात्र गेला नाही. त्याला दोनच कुत्र्यांसमोर बोलायचं असायचं, मला साठ पोरांसमोर.