परसातला कॅमेरा आणि आमचे मामेसासरे

आपण श्वासात घेतो ती हवासुद्धा आमचे मामेसासरे आधी तपासून मगच आत घेत असावेत, असा लग्नानंतर बरीच वर्षं माझा समज होता. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. उभा जन्म सोलापुरात, त्यातही शुक्रवार पेठेत गेलेला, आणि नोकरी चादरींच्या एका कारखान्यात माल तपासण्याची. मागावरून उतरलेली चादर त्यांच्यासमोर टेबलावर पसरायची, त्यांनी तिच्यावरून तळहात फिरवायचा आणि कुठे धागा सुटलेला लागला की खडूची फुली मारून ती बाजूला टाकायची. निवृत्तीनंतर हातातला खडू गेला, पण फुल्या मारणं काही सुटलं नाही. नवी छत्री आणली की पावसाची वाट बघत बसणं त्यांना मंजूर नसे. ते न्हाणीघरात नळाखाली ती उघडून बसत आणि आतून मामींना सांगत, "डाव्या काडीपाशी टिपकालंय बघ." नव्या कुकरची शिट्टी ते शेजारच्यांच्या ओट्यावर जाऊन ऐकत, कारण स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाला शिट्टी ऐकू येणारच, त्यात कुकरचं काय कर्तृत्व. एकदा पलंग घ्यायला मी त्यांच्याबरोबर दुकानात गेलो, तर ते पलंगावर आडवे झाले आणि खरोखरच झोपले. दुकानदार एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. भरपूर घोरून झाल्यावर मामा उठले आणि म्हणाले, "झोप चांगली लागती. पण कूस बदलली की बोलतोय. दुसरा दाखवा."

मलासुद्धा त्यांनी तपासूनच घेतलं होतं. लग्न ठरायच्या आधी त्यांनी मला एकट्याला जेवायला बोलावलं, ताटात कडक भाकरी आणि शेंगांची लालभडक चटणी वाढली आणि स्वतः न जेवता समोर बसून माझं तोंड निरखत राहिले. माझ्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, पण पाहुण्यासारखं वागायचं म्हणून मी खात राहिलो. आत जाऊन त्यांनी भाचीला निकाल सांगितला, "पोरगा बरा हाय. रडालाय, पण खालाय."

या सगळ्यावर मामींचा शेरा ठरलेला असे. "ह्यांना काही काम न्हाई." मामी गुडघ्यांनी अधू झालेल्या, घरात भिंतीला हात लावून सावकाश चालायच्या. त्यांच्या तोंडून नवऱ्याचं कौतुक मी कधी ऐकलं नाही. मामाही त्यांच्याशी गोड बोलत असतील असं वाटत नसे. काही दाखवायचं असलं की कानडीत "नोड इल्ली", म्हणजे इकडे बघ, असा हुकूम सोडायचे आणि मामी स्वयंपाकघरातूनच म्हणायच्या, "बघितलं." बघितलेलं काहीच नसायचं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीतल्या दोन घरांच्या पाण्याच्या मोटारी चोरीला गेल्या. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे मोटार गेली की घर कोरडंच पडतं. चोर दोन्ही वेळेला मागच्या बोळातून आला होता. मामांच्याही परसाचं दार त्याच बोळात उघडतं. त्यांनी लगेच घराला चार कॅमेरे बसवून घेतले आणि चित्रं साठवून ठेवणारं काळं यंत्र टीव्हीखालच्या कप्प्यात विराजमान झालं. बसवणारा माणूस जाताना म्हणाला, "काका, सगळं ओके आहे." मामा म्हणाले, "ओके तुमी म्हणालाव. मी अजून म्हणलो न्हाई." आणि त्यांनी मला फोन केला. मी शाळामास्तर, मे महिन्याची सुट्टी चालू, त्यामुळे नाही म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं.

ठरलेलं काम असं होतं की मी बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसायचं आणि मामांनी चोर व्हायचं. पहिले काही दिवस मजेत गेले. ते माकडटोपी घालून पुढच्या दारातून आले, छत्रीआड लपून जिना चढले, दूधवाल्याला विनंती करून त्यालाही एकदा दबकत चालायला लावलं. मग त्यांच्या लक्षात आलं की हे यंत्र सारखं चित्र साठवत नाही. काही हललं तरच साठवतं, आणि साठवत असताना पडद्याच्या कोपऱ्यात पळणाऱ्या माणसाचं छोटं हिरवं चित्र उमटतं. मामांना हे अजिबात पसंत पडलं नाही. "म्हणजे चोर हलला न्हाई तर हे झोपणार की," असं म्हणून ते परसात गेले आणि हौदाशेजारी शहाबादी फरशीवर निपचित पडले. थोड्या वेळाने हिरवा माणूस विझला. मामांनी नुसती करंगळी हलवली, तो परत पेटला. मी ओरडून सांगितलं तेव्हा ते पडल्या पडल्या असे हसले, की पडद्यावरही त्यांचे दात दिसले.

शेवटची चाचणी मोटारचोरीची होती. भर दुपारची वेळ, बाहेर बघवत नव्हतं इतकं ऊन. मामा एक जाड दुहेरी चादर डोक्यावरून घेऊन निघाले. मी म्हटलं, "मामा, चादर कशाला? जीव घाबरा होईल."

"चोर काय तोंड दाखवत येतोय व्हय?" त्यांनी हातातला पाना चादरीआड घेतला. "बोळातून येणार, मोटार खोलणार, उचलून नेणार. तुमी जाग्यावरनं उठायचं न्हाई. हाक मारलाव तरी मी ओ देणार न्हाई. चोर ओ देतोय का? आणि उठलाव तर चाचणी रद्द. पुन्ना पयल्यापासनं."

"जेवून तरी घ्या."

"जेवण झाल्यावर चोरी करायला जमतंय का? आल्यावर बघू."

पुढच्या दाराने ते बाहेर पडले. खोलीत कूलरची घरघर चालू होती, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नव्हता. पडद्यावर परसाचं दार ढकललं गेलं आणि चादरीत गुंडाळलेली आकृती आत आली. हिरवा माणूस पेटला. मामा मोटारीपाशी उकिडवे बसले आणि पान्याने बोल्ट फिरवू लागले. बोल्ट गंजला असावा. ते जोर लावत, थांबत, पुन्हा जोर लावत. चादर घसरली की परत डोक्यावर ओढत. सूर्य बरोबर माथ्यावर होता, पडद्यावर त्यांची सावलीसुद्धा दिसत नव्हती.

बराच वेळ गेला. मग ते उठले, कॅमेऱ्याच्या दिशेने दोन पावलं आले आणि एक हात वर केला. मला वाटलं, काही दाखवताहेत. मी वाकून बघू लागलो. ते हळूच खाली बसले, एका कुशीवर कलले आणि आडवे झाले. हिरवा माणूस विझला.

मी हसलो. चोरी करता करता मध्येच झोपायच्या चाचणीची भर घातली, असं मला वाटलं. मी करंगळीकडे डोळे लावून बसलो. करंगळी हलली नाही. अचानक कोपऱ्यात हिरवं चित्र पेटलं आणि मला हायसं वाटलं, पण हलला होता तो मोटारीवर येऊन बसलेला कावळा. तो उडी मारून खाली उतरला, मामांच्या हातापर्यंत चालत गेला, मान वाकडी करून त्यांच्याकडे बघत राहिला. मी हाक मारली, "मामा." ओ आली नाही, पण ओ देणार नाही हे तर त्यांनीच सांगून ठेवलं होतं. मी अर्धवट उठलो. उठलो तर सगळं पहिल्यापासून, याच उन्हात, याच चादरीत, हेही डोक्यात होतं. मला कळेना, की आपण घाबरतोय ते खरं की ह्यांच्या नाटकाला फसतोय.

इतक्यात मामी ताकाचा पेला घेऊन आल्या. "कुटं हायत?"

"परसात आहेत. चोर झालेत. चाचणी चाललीय म्हणून पडून राहिलेत बहुतेक."

मामी पडद्याजवळ गेल्या आणि पेला हातात तसाच धरून वाकून बघायला लागल्या. "चष्मा कुटं हाय त्यांचा?"

मी बोट दाखवलं. चष्मा त्यांच्या हातापासून थोड्या अंतरावर फरशीवर पडला होता.

"पालथा हाय," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "काचा फरशीला लागल्यात. ते चष्मा असा ठेवत न्हाईत."

पेला टीव्हीशेजारी आपटला, कलंडला, ताक खाली सांडलं. आणि भिंत धरून चालणाऱ्या मामी भिंतीला हात न लावता धावत सुटल्या. माजघर, स्वयंपाकघर, परसाचा उंबरा. मी उंबऱ्यातली चप्पल पायात सरकवेपर्यंत त्या पोचल्यासुद्धा. त्यांच्या पायात चप्पल नव्हती. शहाबादी फरशीवर माझे चपलेतले पायसुद्धा भाजत होते.

मामांचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा एक थेंब नव्हता. मी चादर ओढून काढली. मामींनी हौदातून तांब्याने पाणी काढून त्यांच्या डोक्यावर, छातीवर, पुन्हा डोक्यावर ओतायचा सपाटा लावला. आम्ही दोघांनी त्यांना ओढत शेवग्याच्या सावलीत आणलं. शेजारच्यांनी रिक्षा आणली. रस्ताभर मामी ओला पदर त्यांच्या तोंडावरून फिरवत होत्या आणि मी त्यांचा श्वास चालू आहे ना, हे बघण्यासाठी त्यांच्या पोटाकडे टक लावून बसलो होतो. रिक्षा प्रत्येक चौकात अडते आहे असं वाटत होतं.

दवाखान्यात त्यांना आत नेलं आणि दार बंद झालं. बाकावर मामी ताठ बसून राहिल्या. माझी बायको आली, तिने चहा आणला, तो गार झाला. एका नर्सचं मामींच्या पायांकडे लक्ष गेलं तेव्हा आम्हाला कळलं, की तळव्यांना फोड आलेत. मामी म्हणाल्या, "माझं राहू द्या. त्यांचं काय ते सांगा." संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. ऊन लागलं होतं, उपाशीपोटी, आणि वर ती चादर. "शुद्धीवर येताहेत," ते म्हणाले, "पण आणखी उशीर झाला असता तर मला काही सांगता आलं नसतं."

मामांनी डोळे उघडले, आम्हाला सगळ्यांना एकेक करून बघितलं आणि सुकलेल्या ओठांनी पहिला प्रश्न विचारला, "यंत्रात आलं का?"

"गप पडा," मामी म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

घरी आल्यावर अंगात जरा बळ येताच त्यांनी मला बोलावून घेतलं. ते चित्र बघितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. मी लावून दिलं. सुरुवातीला त्यांचा जुना सूर लागला. "चेहरा दिसत न्हाई बघा. चादरीचा काठ मात्र कसा लख्ख आलाय." ते कोसळले तो भाग त्यांनी दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघितला. मग परसाच्या उंबऱ्यातून मामी चित्रात आल्या. पदर सुटलेला, अनवाणी, धावत.

"पुन्ना लावा," मामा म्हणाले. मी लावलं. त्यांनी ते आणखी एकदा लावायला सांगितलं.

"ह्याला आवाज न्हाई?"

"नाही मामा. या कॅमेऱ्यांत आवाज येत नाही, नुसतं चित्र."

"हिचं तोंड हलालंय." ते खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकले. "सारखं हलालंय. काय म्हणालीय ती?"

मामी स्वयंपाकघराच्या दारात, पायांना पट्ट्या बांधलेल्या, गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या काय म्हणत होत्या ते ऐकणारा त्या परसात मी एकटाच होतो. त्या मामांना नावाने हाक मारत होत्या. नुसत्या नावाने, मागे-पुढे काही न लावता, एखाद्या समवयस्क मैत्रिणीला मारावी तशी, पुन्हा पुन्हा. त्यांच्या पिढीतल्या, त्यांच्या घरातल्या बाईने नवऱ्याचं नाव असं तोंडातून काढायचं नसतं, आणि इतक्या वर्षांत मी ते त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. त्यानंतर थोड्याच वेळाने दवाखान्यात पेशंटचं नाव विचारलं, तेव्हा त्यांनी परत पदर सावरून माझ्याकडेच बघितलं होतं, सांगा म्हणून.

"पाणी आणा म्हणत होत्या," मी म्हणालो.

"हं," मामा म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून रिमोट घेतला आणि मामी उंबरा ओलांडतात तो तुकडा स्वतःच पुन्हा लावला. पडद्याला नाक लागेल इतके ते पुढे झुकले होते. चष्म्याच्या काचांत मामींचे हलणारे ओठ बारीक होऊन दिसत होते. मामांचेही ओठ अगदी किंचित हलले. मग त्यांनी टीव्ही बंद केला.

भिंतीला हात लावत ते सावकाश स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले, मामींच्या शेजारी जमिनीवर टेकले आणि सुपातली मूठभर गवार पुढ्यात ओढून मोडायला लागले. शिरा तशाच राहत होत्या, किडकी शेंगही चांगलीत पडत होती, त्यांचं लक्षच नव्हतं. मामींनी ते बघितलं. मामांनी मोडलेल्या शेंगा त्या एकेक उचलून, शिरा काढून, परत सुपात ठेवत राहिल्या.