ट्रॅक्स थांबवायची नाही

बारावीचा निकाल लागला की पेठेतले आईबाप माझ्या दारात येतात. मी कॉलेजात शिकवते, म्हणजे प्रवेशाचं सगळं मला ठाऊक असणार, हा त्यांचा समज. कुठली शाखा, कुठलं कॉलेज, होस्टेल मिळेल का, हे विचारतात. मी आधी विचारते, बरोबर कोण कोण जाणार? ते नातेवाईक मोजायला लागले की माझं डोकं फिरतं.

नव्वदच्या दशकात मी स्वतः प्रवेशाला निघाले ती अशीच वरात घेऊन. इंजिनिअरिंगच्या जागा तेव्हा पुण्यात समोर बोलावून देत. गुणवत्ता यादीतला नंबर पुकारला की टेबलापुढे उभं राहायचं आणि कॉलेज, शाखा सांगायची. माझा नंबर दुपारी होता. मला हवं असलेलं इलेक्ट्रॉनिक्स नक्की मिळणार होतं. बाबा आणि मी आदल्या दिवशी एसटीनं गेलो असतो तर विषय संपला असता. पण शिवाजी पेठेतली पोरगी इंजिनिअर होणार आणि एसटीनं जाणार? बाबांनी ट्रॅक्स जीप ठरवली. काका आले, मामा आले, तालमीतली मंडळी आली. जिच्यासाठी गाडी निघाली होती तिला मागच्या बाकावर डब्यांच्या पिशवीशेजारी कोंबलं.

कराडच्या अलीकडे बाबांचे दाजी, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आधीच निरोप मिळाल्यानं हायवेवर हात करून उभे. "च्या घेतल्याबिगर गाडी फुडं जायाची न्हाय," ते म्हणाले.

"बाबा, उशीर होईल," मी मागून म्हणाले.

बाबांनी वळूनही पाहिलं नाही. "दाजी हाईत. जावयाचा मान मोडायचा व्हय?"

चहाचं नुसतं नाव होतं. कोंबडं कापलेलं, चुलीवर रस्सा चढलेला, भाकऱ्या अजून थापायच्या होत्या. पुरुष ओसरीवर बसून पोरीनं कुठली शाखा घ्यावी यावर वाद घालत होते. मी अंगणात उभी राहून दातओठ खात होते. मला कुणी काही विचारलं नाही, फक्त जेवायला बस म्हणाले.

पुण्यात पोचलो तेव्हा माझा नंबर केव्हाच पुकारून झाला होता. आता उरलंय त्यातलं बघा, असं टेबलावरच्या माणसानं सांगितलं. उरल्या होत्या त्या जागांची फी आमच्या आवाक्याबाहेरची. "नशिबात नव्हतं," बाबा म्हणाले. कसलं नशीब? नशीब कराडजवळ पंगतीत बसून रस्सा भुरकत होतं. मी बीएस्सी केलं, पुढे शिकले, नोकरीला लागले. बरं चाललंय. पण मला हे नको होतं, आणि हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगते.

त्याहून संताप याचा, की आमच्या प्रत्येक लग्नकार्यात ही गोष्ट गंमत म्हणून रंगते. दाजींच्या कोंबड्यानं आमची इंजिनिअर खाल्ली, असं कुणीतरी म्हणतं आणि मांडव हसतो. बाबाही हसायचे.

दोन हजार सालानंतर थोरल्या बहिणीच्या मुलीची वेळ आली. पुन्हा पुणे, पुन्हा पहाटे दारात गाडी, पुन्हा मंडळी तयार. मी बाबांखेरीज सगळ्यांना घरी पाठवलं. काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. भाचीला पुढे बसवलं, बाबांना माझ्याशेजारी मागे.

कराडच्या अलीकडे दाजी उभे होते. म्हातारे झालेले, हातात काठी, दुसरा हात वर.

"थांबीव रं, दाजी हाईत," बाबा ड्रायव्हरला म्हणाले.

"थांबवायची न्हाय," मी म्हणाले.

गाडी त्यांच्या पुढ्यातून निघून गेली. बाबा काचेतून मागे बघत राहिले. मला वाईट वाटलं नाही.

नंबर पुकारला. भाची एकटी उठली, टेबलापाशी गेली, शाखा सांगितली, सही केली आणि परत आली. शेजारच्या माणसाचा चहासुद्धा पिऊन झाला नव्हता.

बाबा टेबलाकडे बघतच होते. "एवढंच असतंय व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

"तवाबी एवढंच होतं," मी म्हणाले.