घड्याळ मागे गेलं तो रविवार

उंद्रीचे प्रेमानंद गवई गुरुजी छत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले, पण गावात ते ओळखले जात ते वेळेचा पक्का माणूस म्हणून. शाळा भरल्यावर पाच मिनिटांनी आलेलं पोर त्यांनी कधी वर्गात घेतलं नाही. ओट्यावर उभं राहायचं, तास संपला की आत यायचं. याचा गुरुजींना अभिमान होता, आणि चारचौघांत ते तसं बोलूनही दाखवत.

गेल्या जूनपासून दर रविवारी दुपारी अडीच वाजता ते मोबाईलवर मराठीचा वर्ग घेऊ लागले होते. पोरं चारच. तिघं दुबई-मस्कतची आणि चौथी संघमित्रा, नऊ वर्षांची, इंग्लंडमधल्या लीड्सची. तिची आई महामाया ही गुरुजींचीच जुनी विद्यार्थिनी. उंद्रीत मजुरी करणाऱ्या बाईची लेक, ती आता तिकडे दवाखान्यात नर्स होती. वर्ग सुरू झाला तोही तिच्याच आग्रहामुळे. तुमचे अडीच म्हणजे आमचे सकाळचे दहा, असं तिने पहिल्या दिवशी सांगितलं आणि गुरुजींनी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

दिवाळी होऊन गेली होती. त्या रविवारी अडीच वाजता तिघंच आले. साडेतीनला गुरुजी वर्ग आटोपत होते, तेवढ्यात संघमित्रा पडद्यावर आली. केस विंचरलेले, पुढ्यात वही उघडलेली. गुरुजींनी तिला घड्याळ बघायला सांगितलं. तिने मान वळवून खरंच बघितलं आणि म्हणाली, "दहा वाजले, गुरुजी. आमचं घड्याळ मागे गेलं."

"घड्याळ काय बैल आहे, मागं सरायला?"

बाकीची तिघं खदखदून हसली. पोरगी अडखळत आणखी काही सांगू लागली, तसा गुरुजींचा आवाज चढला. उशीर झाला तर झाला म्हणावं, खोटं बोलणाऱ्याला माझ्या वर्गात जागा नाही, असं सगळ्यांसमोर बजावून त्यांनी तिला वर्गातून काढून टाकलं.

गुरुजींच्या पत्नी चांगुणाबाई आत गहू निवडत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "काऊन एवढं ओरडले लेकराले?"

संध्याकाळी महामायाचा फोन आला. चूक आपलीच, असंच तिने सुरुवातीला म्हटलं. आधी कळवायला हवं होतं, पण रात्रपाळी होती, आणि ती संपवून येऊन ती सकाळी झोपली होती. मग तिने समजावून सांगितलं. त्या देशात मार्चअखेरीस सगळी घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरअखेरीस परत मागे आणतात. उन्हाळ्यात त्यामुळे रात्री साडेनऊपर्यंत उजेड मिळतो, लेकरं बाहेर खेळतात. थंडीत काटा मागे आणला नाही तर पोरांना अंधारातच शाळा गाठावी लागेल. पण आता चार-साडेचारलाच दिवस मावळणार, आणि झोपेचं गणित बिघडतं ते निराळंच. काल रात्री एकच्या सुमाराचा तास दोनदा आला, म्हणून तिची पाळी तासाने लांबली आणि रोग्यांच्या औषधांच्या वेळा दोन-दोनदा तपासाव्या लागल्या. हे बंद करा म्हणणारे तिकडेही पुष्कळ आहेत.

गुरुजींनी मनातल्या मनात हिशेब केला. पोरगी दहाच्या ठोक्याला आली होती. आई झोपलेली असताना एकटीने आवरून, वेळेवर.

महामाया म्हणाली, "मले बी तुमी असंच उभं केलं होतं, गुरुजी."

ती पाचवीत असतानाची गोष्ट होती. मार्चमध्ये ऊन तापायला लागलं की शाळा सकाळची होते, तशी झाली. शनिवारी वर्गात सांगितलं, तेव्हा महामाया आईबरोबर हरभरा सोंगायला, कापणीला गेली होती. सोमवारी ती नेहमीसारखी साडेदहाला आली. सुटी होईपर्यंत गुरुजींनी तिला ओट्यावर उन्हात उभं ठेवलं.

"टाईम बदलला हे मले कोणी सांगितलंच नोतं. मी तेच म्हणलं, तं तुमी म्हणले, खोटं बोलतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. पोरीला जेवायला वाढायचं आहे, म्हणून तिने फोन ठेवला.

गुरुजींनी हे चांगुणाबाईंना सांगितलं नाही. चार दिवस आठवून पाहिलं, पण त्या सोमवारची पोरगी काही केल्या डोळ्यांसमोर येईना. ओट्यावर उभी केलेली किती पोरं असतील, त्यातल्या एकाचाही चेहरा आठवेना. गुरुवारी स्टँडवरच्या हॉटेलात कुणीतरी एका नव्या मास्तरला सांगत होतं, वेळ पाळावी तर गवई गुरुजींनी. गुरुजींनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि ते मान खाली घालून घरी आले.

पुढच्या रविवारी त्यांनी वर्ग साडेतीनला ठेवला. संघमित्रा आली, पण कॅमेरा बंद ठेवून. नावापुढचा काळा चौकोन तेवढा दिसत होता. गुरुजींनी आधी गेल्या वेळी हसलेल्या तिघांना गप्प बसून ऐकायला सांगितलं.

"मित्रा खरं बोलत होती. मला माहीत नव्हतं, आणि विचारून घ्यायचं सोडून मी तिला खोटी ठरवलं. मित्रा, माझं चुकलं."

काळ्या चौकोनातून "ओके" एवढंच आलं. गुरुजींनी धडा सुरू केला. तिची वाचायची वेळ आली तेव्हा तिने वाचलं, पण कॅमेरा उघडला नाही.

वर्ग संपल्यावर गुरुजींनी तिला आईला बोलवायला सांगितलं. कॅमेरा सुरू झाला. महामाया ओले हात पुसत समोर येऊन बसली. गुरुजींनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"महामाया, त्या दिवसाचं मले आठवत नाही. लय आठवून पाह्यलं."

"राहू द्या, गुरुजी," ती म्हणाली. "मले आठवते ना."

मग तिने चांगुणाबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली, थंडीत जपायला सांगितलं आणि नमस्कार करून फोन बंद केला. गुरुजी मोबाईल हातात धरून बसून राहिले. आतून चांगुणाबाईंनी चहाला हाक मारली. दुसऱ्यांदा मारली, तरी ते उठले नाहीत.